रेडिओवर साप, आणि कॅज्युअल्टीत दोरी बांधलेला पाय (सल्ला हवाय)

तिसरं_वर्ष_चालू
गुरुवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, दोन वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी सांगली जिल्ह्यात एमबीबीएसला आहे, तिसऱ्या वर्षाला. कॉलेज कुठलं आणि स्टेशन कुठलं ते विचारू नका प्लीज. आम्ही चौघं मिळून गेले आठ महिने एका छोट्या एफएम स्टेशनवर दर आठवड्याला पंधरा मिनिटांचा आरोग्याचा कार्यक्रम करतोय. पीएसएमच्या (म्हणजे सार्वजनिक आरोग्य हा विषय) सरांनी ढकललं म्हणून सुरू झाला आणि मग आम्हालाच नाद लागला. रेकॉर्डिंग हॉस्टेलच्या खोलीत: पंखा बंद, दाराला गादी उभी, आणि बोलणारा डोक्यावरून गोधडी घेऊन बसतो कारण नाहीतर भिंतीवरून आवाज परत येतो. मे महिन्यात हे करून बघा एकदा. पहिल्या दोन भागांत प्रत्येक 'प' आणि 'भ' ला फट्ट असा आवाज आलाय, "पोटात पाणी" म्हटलं की लवंगी फटाका. मग कळलं की माईक तोंडासमोर नाही, गालाच्या बाजूने तिरपा धरायचा.

असो, मुद्दा. पावसाच्या तोंडाला आम्ही सर्पदंशावर भाग केला. नुसतं भाषण नको म्हणून नाटुकलं लिहिलं. गडी रात्री उसाला पाणी पाजायला गेलाय, पायाला साप चावतो, शेजारचा धावत येतो आणि ओरडतो की सुतळी आणा, गच्च आवळा, ब्लेड आणा. चिखलाचा आवाज बादलीत पाय आपटून काढला, साप म्हणून प्लास्टिकच्या पिशवीचं सळसळ. खूप मजा आली करताना, खोटं कशाला बोलू. हे साधारण पाच मिनिटं. मग मी येते, डॉक्टर म्हणून, आणि सांगते की बाबांनो हे सगळं चुकलं.

बारा दिवसांनी माझी मेडिसिनची पोस्टिंग होती, रात्री कॅज्युअल्टीत थांबले होते. एक पन्नाशीचे काका आणले, उजवा पाय घोट्याच्या वर आणि गुडघ्याच्या खाली अशा दोन जागी सुतळीने आवळलेला. सुतळी कातड्यात रुतली होती. पाऊल जांभळट आणि हाताला गार. दोन तास झाले होते बांधून. रेसिडेंट सरांनी विचारलं, कुणी सांगितलं रे बांधायला? बरोबरचा पुतण्या म्हणाला, "रेडिओवर डॉक्टर लोकांनीच सांगितलं की."

मी सलाईनचा स्टँड धरून उभी होते. काहीच बोलले नाही. आवाज ओळखेल अशी भीती वाटली.

सरांनी सगळी तयारी जवळ ठेवून मग सावकाश सुतळी सैल केली, एकदम सोडली तर अडकलेलं विष एका दमात वर जाऊ शकतं म्हणून. काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवलं, मग तिरकी करून बघितलं, छान गोठलं होतं, म्हणजे रक्त गोठू न देणारं विष नव्हतं. पुतण्याकडे मोबाईलमध्ये सापाचा फोटो होता. दिवड! बिनविषारी. तरी २४ तास ठेवून घेतलं, काही झालं नाही. म्हणजे सापाने केले ते दोन-चार ओरखडे. डिस्चार्जच्या दिवशी पावलाला बधिरपणा आणि मुंग्या होत्या त्या दोरीच्या.

नंतर पुतण्याशी बोलले (मी कोण ते न सांगता). गोठ्यात रेडिओ लावलेला असतो, त्याने नाटुकल्याचा मधला तुकडा ऐकला आणि मग धार काढून डेअरीला गेला. पुढचं ऐकलंच नाही.

आता प्रश्न. सर म्हणतात पुढच्या भागात चूक कबूल करा. स्टेशनवरचा दादा म्हणतो सोडून द्या, कुणाच्या लक्षात नाही. आणि माझा को-होस्ट म्हणतो की "मागे आम्ही दोरी आवळा म्हणालो होतो ते चूक" असं म्हटलं तर निम्मे लोक परत तेवढंच ऐकणार, दोरी आवळा. मला तिघांचंही पटतंय आणि झोप लागत नाहीये.

---

बेदाणा_टेम्पो
शुक्रवार, सकाळी ६:०५

ताई वाचून काटा आला. मी तासगाव साइडला टेम्पो चालवतो, दिवसभर रेडिओ चालू आणि खरं सांगतो एक कार्यक्रम आख्खा ऐकलाय असं आठवत नाही. वजनकाट्याला उभा राहिलो की गाडी बंद, रेडिओ बंद. परत चालू केला की बाई कायतरी भलतंच बोलायली असते. आम्ही सगळं तुकड्यातुकड्यातच ऐकतोय. तुम्ही लोक हॉस्टेलात बसून पयल्यापासून शेवटपर्यंत ऐकता म्हणून तुम्हाला वाटतं आम्हीबी तसंच ऐकतो.

रागवू नका, जे हाय ते सांगितलं. काका बरे आहेत ना आता?

---

तंबोरा_गल्ली
शुक्रवार, सकाळी ८:३०

वाचतोय. प्रामाणिक धागा.

अवांतर: आमच्या मिरजेत वानलेस साहेबांनी (मिशनरी डॉक्टर) १८९४ साली दवाखाना काढला, तेव्हा रेडिओ कुठला न काय. लोक बैलगाडीतून यायचे आणि गावी जाऊन जे सांगायचे तीच जाहिरात. त्यातही निम्मं चुकीचंच पोचत असणार, पण दाद मागायला धागा नव्हता.

---

डॉ_साताऱ्याचा
शुक्रवार, दुपारी २:१५

स्पष्ट बोलतो, राग नसावा. २२ वर्षं सातारा शहरात जनरल प्रॅक्टिस करतोय. तिसऱ्या वर्षाच्या मुलीने रेडिओवर "डॉक्टर" म्हणून बोलावं हेच मुळात मला पटत नाही. साडेचार वर्षं, मग इंटर्नशिप, मग रजिस्ट्रेशन, तोवर आपण विद्यार्थी. तुमच्या नाटुकल्यात तू डॉक्टरची भूमिका केलीस पण त्या पुतण्याला भूमिका कळली नाही, त्याला "डॉक्टर लोक" कळलं. चूक तिथून सुरू झाली, सुतळी नंतर.

हल्ली प्रत्येकाला माईक हवा. रील काय, पॉडकास्ट काय. अभ्यास करा आधी.

---

बेदाणा_टेम्पो
शुक्रवार, दुपारी २:५०

डॉक्टर साहेब, तुमच्या दवाखान्यात गर्दी असते ना? चाळीस माणसं बसलेली, आत गेलो की दोन मिनिटात बाहेर. गोळी कशाची हे विचारलं तर कंपाउंडर सांगतो. ही पोरं पंधरा मिनिटं फुकट बोलायलीत, चुकली तर स्वतः येऊन सांगायलीत. तुम्ही शेवटचं कधी चूक झाली म्हणालाय?

---

डॉ_साताऱ्याचा
शुक्रवार, दुपारी ३:२०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

डॉ_साताऱ्याचा
शुक्रवार, रात्री ९:४०

दुपारी चिडून लिहिलं होतं म्हणून काढलं. टेम्पोवाल्या भाऊंचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण माझा मुद्दा कायम आहे, "डॉक्टर" हा शब्द वापरू नका.

---

जुना_निवेदक
शुक्रवार, रात्री १०:१०

बाळ, मी तरुणपणी काही वर्षं सांगली आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदक होतो. १९६३ चं केंद्र ते, "२३९.८ मीटर म्हणजेच १२५१ किलोहर्टझवर" हे झोपेत म्हणायचो, बायको वैतागायची. वैद्यकातलं मला कळत नाही, बोलण्याचं थोडं कळतं, म्हणून लिहितो.

रेडिओचा श्रोता एसटीत चढतो तसा येतो. मधल्या कुठल्याही थांब्यावर चढणार, पुढच्याला उतरणार. तुमची गाडी स्वारगेटहून निघाली का सांगलीहून, त्याला कर्तव्य नाही. त्यामुळे "आधी चुकीचं दाखवू, मग बरोबर सांगू" ही रीत नाटकाला चालते, कारण तिकीट काढलेला माणूस पडदा पडेपर्यंत बसतो. कीर्तनात चालते, बुवा समोर आहेत. रेडिओवर कुठलंही अर्धं मिनिट कापून काढलं तरी त्यात घातक काही निघता कामा नये. आम्हाला एका ज्येष्ठ बाईंनी हे शिकवलं होतं, त्या कात्रीच घेऊन बसायच्या. तेव्हा टेप होत्या.

दुसरी गोष्ट आपल्या भाषेची आहे आणि याकडे कुणी लक्ष देत नाही. मराठीत नकार शेवटी येतो. "दोरी गच्च बांधू नका." आता हे मोठ्याने म्हणून बघ. "दोरी गच्च" ला जोर, "बांधू" पर्यंत आवाज चढतो, आणि "नका" ला उतरतो, श्वास संपलेला असतो. वर तुमचं छोटं स्टेशन, खरखर, शेजारी कडबाकुट्टी चालू. कानात काय राहिलं? दोरी, गच्च, बांधू. हिंदीवाल्यांचं "मत" आधी येतं, आपल्याकडे सगळं वाक्य ऐकेपर्यंत करायचंय की नाही ते कळत नाही.

म्हणून जिथे जीवाशी गाठ आहे तिथे "नका" वर वाक्य संपवायचंच नाही. काय करायचं तेवढं सांग. "चालू नका" ऐवजी "आडवं झोपवा". "वेळ घालवू नका" ऐवजी "आत्ता गाडी बोलवा".

दुरुस्ती करा, जरूर करा. पण दुरुस्तीत चुकीचं वाक्य पुन्हा उच्चारायचं नाही.

आणि हो, गोधडी उत्तम. आम्ही घरी सराव करताना गोदरेजच्या कपाटात साड्यांमध्ये तोंड घालून बोलायचो.

---

वॉर्डातली_सिस्टर
शनिवार, पहाटे ४:२०

नाईटला आहे, आत्ता जरा शांत आहे म्हणून लिहिते. निवेदक काकांना +१००.

आमच्याकडे जुलाबाच्या पेशंटच्या नातेवाईकांना पूर्वी घरचं मीठ-साखर पाणी शिकवायचो. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आता तोंडी सांगताना मी हे जवळजवळ बंद केलंय. का? एका बाईंनी मला परत म्हणून दाखवलं, "सहा चमचे मीठ, अर्धा चमचा साखर." शांतपणे, अगदी खात्रीने. लहान लेकराला तसं पाजलं असतं तर? आता मी सांगते ओआरएसची (जलसंजीवनीची) पुडी आणा, आख्खी पुडी एकदम, तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. अर्धी पुडी ग्लासात आणि अर्धी उद्याला, हेपण करतात लोक. घरीच करायची वेळ आली तर चव घेऊन बघा म्हणते, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या. हे मात्र कुणी उलटं ऐकत नाही.

सापाचं अजून एक. तुमच्या भागात मण्यार घेतली होती का? ती चावलेली माणसं पावसाळ्यात पहाटे पहाटे येतात, "रात्री जेवण बाधलं, पोटात कळ येतेय" म्हणून. अंगावर चावल्याची खूण धड दिसत नाही, दुखलेलं पण नसतं, जमिनीवर झोपलेला माणूस असतो. मग बोलताना पापण्या मिटायला लागतात, आपल्याला वाटतं झोपमोड झालीय. मला वाटायचंही तसंच, पहिल्या वर्षी. आता पहाटेचं पोटदुखीचं पेशंट आलं की मी आधी डोळे बघते आणि विचारते खाली झोपला होता का. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपलं तर ही बया आत येत नाही, एवढं एक जरी रेडिओवर सांगितलंत तरी खूप.

चला, बेल वाजली.

---

वांगीकर_परदेशात
शनिवार, दुपारी १:००

मूळ गाव वांगी, सध्या इंग्लंडात. डॉक्टर साहेबांच्या मुद्द्यावरून आठवलं. दुसऱ्या महायुद्धात बीबीसीवर सकाळी एक डॉक्टर बोलायचे, चार्ल्स हिल. नाव जाहीर करायचं नाही, नाहीतर स्वतःची जाहिरात केल्यासारखं होईल, म्हणून लोकांना ते नुसते "रेडिओ डॉक्टर" म्हणून माहीत. रेशनच्या दिवसात काय खावं, पोट साफ होत नसेल तर काय, हे अगदी गावरान भाषेत सांगायचे. आपल्याकडेही डॉक्टरांनी जाहिरात करायची नाही असं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहेच.

तर तुम्हीही नाव सांगू नका आणि डॉक्टरही म्हणू नका. मग काय म्हणायचं ते मला सुचत नाहीये :)

---

तिसरं_वर्ष_चालू
शनिवार, संध्याकाळी ७:३०

सगळ्यांचे खूप आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. बेदाणा दादा, काका बरे आहेत, चालतात, अंगठ्याला अजून जरा बधिर वाटतं म्हणाले.

डॉक्टर सर, तुमचं वाचून आधी रडू आलं पण बरोबर आहे. आम्ही आज चौघं बसलो आणि ठरवलं की प्रत्येक भागाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी म्हणायचं, "आम्ही अजून शिकतोय, आम्ही डॉक्टर नाही." मग निवेदक काकांचं आठवलं आणि लक्षात आलं की इथे पण नकार शेवटी आहे!! "डॉक्टर नाही" मधलं "नाही" उडालं की झालं. म्हणून आता "आम्ही डॉक्टरकी शिकणारी मुलं". स्क्रिप्ट पहिल्यापासूनच पीएसएमच्या मॅडम तपासतात, कुणाला फोनवर औषध सांगत नाही, हे सगळं होतंच. सापाची स्क्रिप्टपण तपासलेली होती, त्यात एकही चुकीचं वाक्य नव्हतं हो. हेच डोक्यात फिरतंय.

काकांची कात्री मी काल सगळ्या जुन्या भागांना लावली. कुठेही बोट ठेवायचं, तिथून अर्धं मिनिट ऐकायचं. आठ महिन्यांत सहा भाग नापास झाले. सगळ्यात वाईट नागिणीचा. म्हणजे साप नाही, अंगावर उठते ती नागीण. आम्ही सुरुवातच अशी केली होती, "नागिणीचे दोन्ही तोंडं मिळाली की माणूस मरतो, असं तुम्ही ऐकलं असेल." मग खुलासा, की कांजिण्यांचाच विषाणू नसेत दबा धरून बसलेला असतो, नस शरीराच्या एकाच बाजूची म्हणून पट्टा सहसा मधली रेघ ओलांडत नाही, तीन दिवसांच्या आत औषध सुरू केलं तर जास्त उपयोग. खुलासा सहाव्या मिनिटाला. तोवर माणूस मेलेलाच :(

मण्यारीवर आमच्याकडे एक वाक्य होतं सिस्टर, त्यातही "न्यूरोटॉक्सिक" (नसांवर परिणाम करणारं विष) शब्द होता. लाज वाटली वाचून.

---

गटप्रवर्तक_कवठे
रविवार, सकाळी ११:१५

मी आशा ताईंची गटप्रवर्तक आहे. तुमच्यासारखी मुलं आमच्या गावात फॅमिली अडॉप्शनला (कॉलेजकडून काही कुटुंबं दत्तक दिलेली असतात) येतात, चांगली असतात, फक्त पुस्तकातलं मराठी बोलतात. मागे एक मुलगा आजींना विचारत होता, "आपल्याला मूत्रपिंडाचा काही विकार आहे का?" आजी म्हणाल्या, "न्हाई बाबा, आमच्यात पिंड पुजत नाहीत." मी म्हटलं अरे किडनी म्हण. किडनी सगळ्यांना कळतं. लिव्हर कळतं, यकृत नाही. पण हेच उलटंपण आहे, "स्ट्रोक" म्हटलं तर कळत नाही, "लकवा मारला" म्हणावं लागतं. "फिट" कळतं, "धाप" कळतं, "बीपी" कळतं पण बीपी म्हणजे बीपी वाढलेलंच, "मला बीपी नाही" म्हणतात. याचा नियम काही नाही, बसून ऐकावं लागतं.

आणि "उपाशीपोटी" वर एक भाग कराच. रक्त तपासायला उपाशीपोटी या म्हटलं की बायका चहा-बटर खाऊन येतात आणि शपथेवर सांगतात काही खाल्लं नाही. चहा म्हणजे खाणं नाहीच ना. "पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, चहापण नाही" असं फोड करून सांगावं लागतं.

दुरुस्तीबद्दल: तुम्ही कशाला करता? त्या पुतण्यालाच बोलू द्या की. गावातला माणूस गावातल्या माणसाचं ऐकतो. आणि छोट्या स्टेशनची तार किती लांब जाणार, आजूबाजूची गावंच ऐकत असणार ना. तिथल्या आशांना सांगा, त्या घरोघर सांगतील. साताऱ्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग रेडिओ आहे, ९०.४ वर, तिथे तर गावच्या बायकाच बोलतात.

---

डॉ_साताऱ्याचा
रविवार, दुपारी १२:००

ताईंची कल्पना चांगली आहे. पण पेशंटची आणि पुतण्याची लेखी परवानगी घ्या, नाव-गाव येऊ देऊ नका. आणि आधी त्यांना सांगा की नाटुकलं तुमचंच होतं. न सांगता त्यांच्याकडून बोलून घेणं बरोबर नाही.

काल टेम्पोवाल्या भाऊंचं बोलणं डोक्यात राहिलं. काल ओपीडीत तीन पेशंटना गोळी कशाची ते स्वतः सांगितलं. चौथ्याला उशीर झाला, मग परत कंपाउंडर.

आणि सापाबरोबर विंचूही घ्या कधीतरी. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडसारख्या ठिकाणी राहून विंचूदंशावर प्राझोसिन वापरलं, रक्तदाबाची साधी गोळी, आणि ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. विद्यार्थ्यांना हे माहीत हवं. मात्र गोळीचं नाव रेडिओवर घेऊ नका, लोक मेडिकलमधून आणून घरीच देतील.

---

बेदाणा_टेम्पो
रविवार, दुपारी १२:०५

डॉक्टर साहेब 🙏 चौथा मीच होतो असं समजा.

---

तिसरं_वर्ष_चालू
बुधवार, रात्री १०:५०

अपडेट.

आम्ही दोघी काल काकांच्या गावी गेलो. पुतण्याला सांगितलं की नाटुकल्यातली बाई मी. तो दोन मिनिटं बघतच राहिला आणि मग म्हणाला, "मला वाटलं तुम्ही लई मोठ्या असाल, आवाजावरनं." काकू चहा टाकायला उठल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं तर काका म्हणाले, आधी पोहे खा. गोठ्यातला रेडिओ बघितला, खुंटीला टांगलेला, सेलचं झाकण हरवलंय म्हणून सायकलच्या ट्यूबचं रबर लावलेलं, आणि आवाज एवढा बारीक की म्हशीने शेपटी मारली तरी एक शब्द जाईल. आमच्या पाच मिनिटांच्या नाटुकल्याला तिथे काय किंमत आहे ते कळलं.

पुतण्या बोलायला तयार झाला, काका पण. सह्या घेतल्या. स्टेशनचा दादाही मग तयार झाला, म्हणाला दिवसातून चार वेळा लावतो, फक्त एका मिनिटाच्या आत बसवा. को-होस्टने खर्डा लिहिलाय, तो असा:

"साप चावला? माणसाला आडवं झोपवा. धीर द्या. पैंजण, जोडवी, अंगठी काढून ठेवा. चावलेला पाय काठीला सैल बांधा, मोडलेल्या हाडासारखा. १०८ ला फोन लावा. सरकारी दवाखान्यात सापाचं इंजेक्शन आहे, फुकट आहे."

मग पुतण्या: "माझ्या काकाला बिनविषारी साप चावला. मी पाय आवळला. सापाचं काय झालं नाही, पाय अजून बधिर आहे."

कसं वाटतंय?

---

जुना_निवेदक
गुरुवार, सकाळी ७:००

बाळ, "बांधा" परत आलं की. काठीला सैल का असेना. कात्री लाव: "पाय... बांधा." संपलं.

पुतण्याचं "पाय आवळला" चालेल का, यावर मी रात्रभर विचार केला. चालेल असं वाटतं, कारण ती आज्ञा नाही, घडून गेलेली गोष्ट आहे आणि त्याच्या आवाजात पश्चात्ताप असेल. पण तरी "सुतळीनं पाय गेला असता" असं आधी म्हणू दे. नुकसान आधी, कृती नंतर. आणि वाक्यं त्याला पाठ करायला लावू नका, त्याच्या शब्दांत येऊ दे.

---

वॉर्डातली_सिस्टर
गुरुवार, सकाळी ९:१०

"काठीचा आधार द्या" म्हणा. आणि आधीच कुणी आवळून ठेवलं असेल त्यांच्यासाठी एक वाक्य हवं, घरी फसकन सोडतात आणि मग पेशंट दारातच कोसळतो. "दोरी असेल तर ती दवाखान्यातच सोडवतील" एवढं पुरे.

---

तिसरं_वर्ष_चालू
गुरुवार, रात्री ११:३०

रेकॉर्ड केलं. पुतण्या गोधडीत बसायला लाजत होता, शेवटी त्याच्याच गोठ्यात केलं, मागे म्हैस ऐकू येतेय, ठेवलीय तशीच. फायनल हे, ४८ सेकंद:

"साप चावला? माणसाला आडवं झोपवा. पायाला काठीचा आधार द्या, मोडलेल्या हाडासारखा. पैंजण, जोडवी, अंगठी काढून ठेवा. १०८ ला फोन लावा, एक शून्य आठ. दोरी असेल तर ती दवाखान्यातच सोडवतील. त्वरित सरकारी दवाखाना गाठा, इंजेक्शन तिथं आहे, फुकट आहे."

पुतण्या: "सुतळीनं माझ्या काकाचा पाय जात होता. साप साधाच होता, दिवड. मीच आवळला होता पाय. अजून अंगठा बधिर हाय त्यांचा. आता मी सगळ्यांना सांगतो, झोपवा आन् गाडी बोलवा."

परत मी: "आम्ही डॉक्टरकी शिकणारी मुलं. साप चावला, आडवं झोपवा, एक शून्य आठ."

उद्या सकाळी सहापासून लागेल.

---

बेदाणा_टेम्पो
गुरुवार, रात्री ११:४५

एक नंबर. म्हैस तर लईच भारी.

फक्त ते "त्वरित" काढा. त्वरित कोण म्हणतं.

---

तिसरं_वर्ष_चालू
गुरुवार, रात्री ११:५२

काढलं. "लगेच" केलं. परत गोधडीत.